पितळी पट्टीखालचं नाव

शिंगाला मरण नाही. जनावर जातं, मांस जातं, हाड मातीला मिळतं. शिंग तेवढं मागे राहतं आणि त्यावर कोरलेल्या रेघा पिढ्यान्‌पिढ्या इतिहासाची साक्ष देतात. हे वाक्य माझं नाही, एका भाषणातलं आहे. त्या भाषणाकडे पुढे वळेनच. तूर्त एवढंच सांगतो, की शिंग कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळे कपाटात विसरलं तर त्याला कसर लागते, आणि इतिहासाच्या साक्षीऐवजी कपाटात भुकटी आणि धष्टपुष्ट किडे सापडतात.

मी अलिबागच्या न्यायालयात जन्मभर कारकुनी केली. 'ईश्वरसाक्ष खरं सांगेन' हे इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, की कोणी गंभीर आवाज लावला की मी आपोआप सावरून बसतो. निवृत्त झाल्यावर माणसं पहाटे फिरायला जातात किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक लढवतात. मला दोन्हीचा कंटाळा. मी वाचत बसलो, आणि वाचता वाचता एका जुन्या वस्तूंच्या पुस्तकात मला दारूचं शिंग भेटलं. दारू म्हणजे बंदुकीची. हे स्पष्ट करावं लागतं, कारण गावात पहिले काही महिने लोक मला डोळा मारून विचारत, "काय, मावते किती?"

तेव्हाचा शिपाई बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून ती जनावराच्या पोकळ शिंगात भरायचा, रुंद तोंडाला लाकडी बूच ठोकायचा आणि टोकाला भोक पाडून त्यातून हवी तेवढी ओतून घ्यायचा. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हाचे शिपाई छावणीत वेळ जाईना म्हणून त्या शिंगांवर सुईने नकाशे कोरत. नद्या, गढ्या, गलबतं आणि शेवटी कडेला आपलं नाव. पुस्तकात छापलेल्या एका शिंगावरचं नाव वाकडंतिकडं, शिकाऊ हाताचं होतं. पण होतं. राजांचे ताम्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी मला कधी एवढं हलवलं नाही. मी ठरवलं, आपण असं शिंग करायचं.

पोयनाडच्या पलीकडे भातशेती करणारा एक ओळखीचा माणूस म्हशी पाळतो. त्याची म्हातारी म्हैस मेली तेव्हा मी शिंगं मागायला गेलो. "म्हस आजारी व्हती तवा कोन फिरकला न्हाय," तो म्हणाला, "आनि आता शिंगाला गिऱ्हाईक हाय व्हय?" दिली मात्र.

शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. तो सुटावा म्हणून शिंग पाण्यात उकळावं लागतं, आणि त्याचा वास कशासारखा येतो हे सांगण्याची सोय मराठीत नाही. मी मागच्या अंगणात, नारळाच्या झाडाखाली पत्र्याच्या डब्यात ते उकळत होतो. शेजारच्या वाडीतून कुंपणावर एक डोकं उगवलं. आमचा शेजारी. वयाने माझ्याहून बराच लहान; मुंबईत धंदा करून पैसा गाठीला बांधून परत आलेला. मला काका म्हणतो आणि माझ्या बहिणीला आत्या.

"काका, हे काय चालवलंय? देवाधर्माची माणसं आपण. मेलेल्या म्हशीचं शिंग अंगणात शिजवता?"

"शिजवत नाही, उकळतोय. खायचं नाहीये."

"शोभतं का हे या आळीत?"

माझी बहीण धुणं वाळत घालत होती. ती न वळताच म्हणाली, "तुला वाटीभर देऊ का रे? वरून कोथिंबीर घालून?"

डोकं खाली गेलं. त्यानंतर आमच्या शिंगांविषयी आळीत जे जे बोललं गेलं ते मी लिहीत नाही. एवढं लक्षात असू द्या, की ज्याला त्या वासाने अब्रूची भीती वाटली तो हाच माणूस.

आता ताईविषयी. ती माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहते. आयुष्यभर चित्रं तिने काढली आणि टाळ्या दुसऱ्यांना पडल्या. स्नेहसंमेलनाचे पडदे तिने रंगवले; आभार मानले ते पडदा पुरवणाऱ्या मंडपवाल्याचे. तपासणीला साहेब येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींवरचे सगळे तक्ते ती करायची आणि कौतुक मुख्याध्यापकांचं व्हायचं. गावातली रुखवतं, गणपतीची मखरं, मानपत्रं सगळी तिच्या हातची. तालुक्यातल्या शेकडो माणसांची नावं तिने सुंदर अक्षरात प्रशस्तिपत्रकांवर लिहिली आहेत. तिचं स्वतःचं नाव तिच्या हातच्या एकाही कामावर नाही. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. मी कुरकुरायचो, तर म्हणायची, "तुला काय, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणाची नक्कल केलीस. तुझं कुठे नाव आहे?"

कामं आम्ही वाटून घेतली होती. उकळणं, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करणं, फणसाच्या लाकडाचं बूच बसवणं आणि टोकाला भोक पाडणं माझ्याकडे. कोरणं तिच्याकडे. शिवणयंत्राची सुई मी लाकडी मुठीत बसवून दिली होती. पुस्तकातली शिंगं बैलाची, फिकट. त्यांच्या रेघांत काजळी भरायची. म्हशीचं शिंग काळं. तिने पहिल्या दिवशी ते हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर फळा आहे." मग रेघांत जवसाच्या तेलात मळलेला चुना भरायचं तिनेच ठरवलं. काळ्यावर पांढरं. जन्मभर तिने तेच केलं होतं.

लहानसहान शिंगं पुष्कळ झाली. ओळखीच्यांना देऊन टाकली. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी त्याला एक लांब इंग्रजी नाव सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "एक मोठं करू. ते शेवटचं. आणि त्यावर मी नाव घालणार आहे."

मी मान वर करून पाहिलं. तिने ते वाण्याकडून साखर आणायला सांगावी तसं सांगितलं होतं.

शेवटच्या शिंगावर तिने आपला किनारा कोरला. वर मांडवा, मग थळ, अलिबाग, चौल, रेवदंडा आणि टोकाकडे निमुळतं होत जाणारं कोर्लई. नारळ, पोफळी, होड्या, कुलाब्याचा किल्ला, ओहोटीला किल्ल्याकडे चालत जाणारी माणसं. सकाळी हात शांत असायचा तेव्हा ती किल्ले आणि माणसं कोरायची. दुपारनंतर थरथर वाढली की समुद्र. त्या समुद्राइतका खरा समुद्र मी कुठल्या चित्रात पाहिलेला नाही.

एक वाद झाला. थळला तिने खत कारखान्याचं धुराडं काढलं, धुरासकट. आणि मांडव्याला मुंबईहून गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट, तोंड उघडून धक्क्याला लागलेली.

"ताई, आपण कंपनी सरकारच्या काळातल्या धर्तीचं शिंग करतोय," मी म्हणालो.

"धर्ती त्या काळाची. डोळे माझे." सुई थांबली नाही. "मुलींना जन्मभर काय सांगितलं? जे दिसतं ते काढा. डोंगरांमागून उगवणारा सूर्य काढलात तर शून्य गुण. थळला गेलं की आधी काय दिसतं?"

"धुराडं."

"मग?"

सगळ्यात शेवटी तिने रुंद तोंडाच्या कडेला आपलं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे 'हिने कोरलं' एवढं घातलं. वर्ष घाल म्हणून मी सुचवलं. ती म्हणाली, वर्ष कॅलेंडरवर असतं. नावाची अक्षरं सरळ यावीत म्हणून तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरून ती काढली.

याच सुमारास शेजाऱ्याने आपल्या वाडीचं 'वारसा निवास' केलं होतं. म्हणजे गोठ्याला टाइल लावून त्यात खाटा टाकल्या, ओटीवर जातं ठेवलं आणि विहिरीला रंगीत दिवे लावले. मुंबईची माणसं शनिवार-रविवार येऊन त्या जात्यात बोटं घालून फोटो काढायची. शिंगाची खबर त्याला लागली. तो आला, हातात घेऊन हुंगून पाहिलं (वास नव्हता, खात्री केली असावी) आणि म्हणाला, "आत्या, हे माझ्याकडे ठेवा. दर्शनी भागात. किती लोक येतात माझ्याकडे! तुमच्या तिजोरीत कोण बघणार?"

ताईला ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण तिचं म्हणणं सरळ होतं. लोक बघतील, नाव वाचतील. तिला दुसरं काही नको होतं.

काही दिवसांनी आम्ही बघायला गेलो. काचेचं कपाट, आत लाल मखमल, वरून दिवा. शिंग छान दिसत होतं. मात्र रुंद तोंडाच्या कडेला, सभोवार, दोन बोटं रुंदीची झळझळीत पितळी पट्टी ठोकलेली होती. शेजारी पाटी होती. 'आमच्या घराण्याच्या मूळपुरुषांचे दारूचे शिंग. सागरी युद्धांत वापरलेले. सुमारे तीनशे वर्षे जुने.'

ताईने चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा घातला, जणू दोष काचेचा असावा.

"ही पट्टी कशाला?" मी विचारलं.

"शिंगाला तडा जाऊ नये म्हणून, काका."

"तडा कुठे होता?"

"जाऊ नये म्हणून म्हटलं ना."

"आणि हे मूळपुरुषांचं?"

"अहो, ते मार्केटिंग असतं. गेस्टना स्टोरी लागते."

"माझं नाव त्या पट्टीखाली आहे," ताई म्हणाली.

"आत्या, नाव कुठे पळून जातंय? आहे तिथेच आहे. उलट सुरक्षित आहे." आणि तो हसला. त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने तिचं सांत्वन केलं.

मला राग आला तो खोटेपणाचा नाही. खोटं मी पगार घेऊन ऐकलेलं आहे. राग आला तो त्या खोट्याच्या आळशीपणाचा. त्यांच्या मूळपुरुषाबद्दल गावात एवढंच सांगतात, की त्याने श्रीवर्धनहून रोठा जातीच्या सुपारीची रोपं आणली आणि खाऱ्या वाऱ्याच्या या पट्टीत जगवली. आज त्या घराण्याचं जे काही आहे ते त्या रोपांतून उभं राहिलेलं आहे. ज्याने रोपं जगवली तो पणतवंडांना पुरेना, म्हणून त्याच्या हातात बंदूक द्यायची. आणि बंदूक नाही सापडत, तर निदान दारूचं शिंग. ते तरी स्वतः करावं! ज्याच्या वासाने नाक दाबलं होतं तेच उचलून मखमलीवर ठेवायचं आणि जिच्या हाताने ते झालं तिच्यावर पितळ ठोकायचं. या प्रकाराला आपल्याकडे हल्ली अस्मिता म्हणतात.

ओळखीचे लोक म्हणाले, तुम्ही कोर्टातले, दावा लावा की. कोर्टातला आहे म्हणूनच लावला नाही. निकाल लागेपर्यंत त्या दाव्याचे कागदच वारसा म्हणून काचेत ठेवण्याइतके जुने झाले असते.

"शिंग परत दे," मी त्याला सांगितलं.

"देतो ना. दसरा होऊ दे. शस्त्रपूजनाच्या पत्रिका वाटल्यात हो, काका."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो शिंग रुमालात गुंडाळून ताईकडेच घेऊन आला. "आत्या, रेघा जरा पुसट झाल्यात. पाहुणे येणार आहेत. उजळून द्याल?"

मी म्हटलं, आता हे घरातच राहू दे, कुलूप लावतो. ताईने मला गप्प केलं. "पत्रिकेत छापलंय ना ते? मी कोणाचा कार्यक्रम मोडणार नाही. आणि नाव झाकलं म्हणून काम मळकं दिसू द्यायचं का?" घरात जवसाचं तेल संपलं होतं. तिने माझ्या पानाच्या डब्यातला ओला चुना घेतला, बोटाने रेघारेघांत भरला आणि वरचा पुसून काढला. किनारा पुन्हा लख्ख पांढरा झाला. पितळी पट्टीही तिने पुसली. ते पाहून मला तिच्याहून जास्त त्रास झाला असावा.

दसऱ्याला आम्ही सकाळी आमच्या घरची पूजा केली. आमची शस्त्रं म्हणजे काचेचा तुकडा, कानस आणि मुठीतली सुई. सुईला ताईने झेंडूची एक पाकळी वाहिली. अख्खं फूल सुईला पेलेना. मग शेजारी गेलो.

मांडव घातला होता. चौरंगावर नाटकांना कपडेपट पुरवणाऱ्या दुकानातून आणलेल्या तलवारी होत्या. वाडीतला रोजचा कोयता, ज्याने त्या घराची खरी लढाई लढली, तो कोपऱ्यात उभा होता. मधोमध शिंग. मुंबईहून एक वक्ते आले होते, फेटा बांधून. फेटा त्यांना सवयीचा नसावा. ते मान न हलवता डोळे हलवत.

भाषण त्यांनीच केलं. शिंगाला मरण नाही, तिथून सुरुवात. मग त्यांनी शिंग हातात घेऊन लोकांना नकाशा समजावून सांगितला.

"हा पाहा दीपस्तंभ! थळच्या किनाऱ्यावर अहोरात्र धगधगणारा. त्यातून उठणारा हा धूर म्हणजे शत्रू आल्याचा इशारा! आणि हे पाहा, मांडव्याला शत्रूचं गलबत. त्याची नाळ, ही पुढची बाजू, पाहा. आपल्या तोफगोळ्याने फोडून उघडी पडलेली आहे!"

टाळ्या पडल्या. मी ताईकडे पाहिलं. ती शाळेतल्यासारखी ताठ बसली होती. एखादी मुलगी डोंगरांमागून उगवणारा सूर्य काढून दाखवायला आली की बसायची तशी.

मांडवाच्या मागच्या बाजूला एक माणूस फिस्सकन हसला. तो वक्त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. सकाळी गाडी त्याने त्याच फुटलेल्या नाळेतून खाली उतरवली होती. साहेबांनी डोळे वळवले तसा तो खोकायला लागला.

मग पूजा. गुरुजींनी पाणी शिंपडलं. शेजाऱ्याच्या बायकोने वाटीत हळद कालवली आणि बोटांनी सगळ्या शिंगाला भरभरून लावली. कुंकवाची वेळ अजून यायची होती. तोवर थळ लाल झालं. मग अलिबाग. मग सगळा समुद्र, रेघेरेघेने, मांडव्यापासून कोर्लईपर्यंत रक्तासारखा लाल होत गेला.

"रक्त!" कोणीतरी ओरडलं.

अख्खा मांडव उठून उभा राहिला. वक्त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "भूमी बोलते आहे," ते म्हणाले. एक बाई रडायला लागली.

त्या मांडवात असं एक घर नव्हतं की जिथे मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप कधी लागला नसेल. पिवळी हळद चुन्याला भेटली की लाल होते, हे तिथल्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्या बायकांच्या आज्यांनी असंच घरी कुंकू केलेलं. पण चौरंगावर ठेवलं, फेटा बांधला, ध्वनिक्षेपक लावला, की माणसं स्वतःच्या घोट्यावरचा लेप विसरतात. मी आयुष्यात पुष्कळ खोट्या साक्षी ऐकल्या; इतक्या जणांनी एकाच वेळी आपल्याला ठाऊक असलेलं नाकारलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

ताई उठली. "अहो, चुना आहे तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. "परवा मीच भरला. वर हळद पडली की लाल होणारच."

वक्त्यांनी डोळे उघडले. "माउली, श्रद्धेला रसायनशास्त्र लावू नका."

पुन्हा टाळ्या.

"आणि ते धुराडं आहे. थळचं. मी काढलंय. ते गलबत नाही, रो-रो आहे. तुम्ही सकाळी तिच्यातूनच आलात."

"आत्या," शेजारी तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "सणाच्या दिवशी नको ना. बसा तुम्ही. यांना सरबत आणा रे कोणीतरी."

सरबत आलं. तिने ते घेतलं नाही. थरथरत्या हाताने सगळ्यांसमोर पेला घ्यायचं ती अलीकडे टाळते. लोकांनी त्याचा अर्थ ती ओशाळली असा घेतला. घरी आल्यावर मी खूप बोललो. त्या माणसाच्या सात पिढ्यांविषयी, पोफळींसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझं झालं का? मला ती प्लास्टिकची खुर्ची काढून दे. वजनाला हलकी आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची घेऊन शेजाऱ्याच्या ओटीवर गेली आणि काचेच्या कपाटाशेजारी बसली. रोज जायला लागली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची, "हे मी कोरलंय. पट्टीखाली माझं नाव आहे. हे थळचं धुराडं." भांडण नाही, आवाज चढवणं नाही. शेजाऱ्याला तिला उठा म्हणता येईना, आत्या पडली. पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांना वाटलं, हाही व्यवस्थेचाच भाग आहे. त्यांनी तिच्यासोबत फोटो काढले आणि मोबाइलवर 'गोड आजी' असा शेरा देऊन वारसा निवासाला पाचपैकी पाच तारे दिले. पण लहान मुलांचं तसं नसतं. एका पोराने काचेला नाक लावलं आणि बापाला विचारलं, "बाबा, ही तर आपण आलो ती बोट. तीनशे वर्षांपूर्वी होती?" बापाने पाटी पुन्हा वाचली. मग शेजाऱ्याकडे पाहिलं.

अशी दोन-तीन मुलं झाली आणि एका संध्याकाळी शेजारी आमच्याकडे आला. चहा घेतला. म्हणाला, "आत्या, तुमचं म्हणणं काय? नाव दिसावं, एवढंच ना?"

"एवढंच."

"पट्टी काढतो. मग तर झालं?"

"मग झालं."

समोरची बाजू इतक्या चटकन कबूल झाली की आमच्या कोर्टातले वकील अशिलाला घेऊन बाजूला जायचे. मी तसं ताईला म्हणालोही. तिने लक्ष दिलं नाही.

त्याने खरोखरच पट्टी काढली. खिळ्यांची भोकं राहिली होती, पण अक्षरांना धक्का लागला नव्हता. रेघांत दसऱ्याची लाली अजून होती. ताई काचेसमोर उभी राहिली. स्वतःचं नाव तिने पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर अक्षर वाचलं, वडिलांचं वाचलं, 'हिने कोरलं' वाचलं. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला तो पदराने पुसला. घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. एरवी मी पुढे असतो.

नवी पाटी आठवडाभराने लागली. मीच आधी वाचली, आणि ताईने वाचण्यापूर्वी ती काढून टाकता येईल का असा विचार करत उभा राहिलो तोवर ती मागून आली.

पाटीवर सगळ्यात वर तिचं नाव होतं. मोठ्या, सोनेरी अक्षरांत. खाली लिहिलं होतं, की या वीरांगना मूळपुरुषांच्या धाकट्या भावजय. किनाऱ्याचा हा गुप्त नकाशा त्यांनी आरमारासाठी स्वहस्ते कोरला. धूर दाखवणारा मनोरा आणि तोंड उघडणारी नौका ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष, कारण अशा गोष्टी पुढे होणार हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"नाव खरं आहे ना, काका?" शेजारी म्हणाला. "नावात मी काही खोटं लिहिलेलं नाही."

"अरे, मी जिवंत आहे," ताई म्हणाली.

"आत्या, एका नावाच्या दोन बायका नसतात का?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी जन्मभर फक्त फिर्यादींच्या जबान्यांत ऐकलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. पाटी लागली ती लागली. वक्त्यांनी म्हणे त्यावर लेख लिहिला आहे. पुढच्या दसऱ्याला या नावाची स्त्री शोधून तिच्या हस्ते पूजन करायचं घाटतं आहे, आणि त्यासाठी शेजाऱ्याने ताईलाच विचारलं. साडी देणार आहे.

ताई अजूनही सकाळी खुर्ची घेऊन जाते. पाहुण्यांना पाटीवरच्या नावाकडे बोट दाखवून सांगते, ही मी. लोक म्हणतात, "हो का? त्यांच्याच घराण्यातल्या का तुम्ही?" आणि वाकून पाया पडतात.

पाटीची शेवटची ओळ अशी आहे, की या वीरांगनेने गलबताच्या नाळेवर उभं राहून भर समुद्रात लढता लढता देह ठेवला. ताईला बोट लागते. मुंबईला जायचं झालं तर ती वडखळवरून एसटीने जाते.